‘ग्राफिक कार्ड, 1 नग’: नागपूरच्या कम्प्युटर दुकानदारांना खुले पत्र

बर्डी, धरमपेठ आणि आसपासच्या समस्त कम्प्युटर दुकानदारांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा कपाट आवरताना एक बिल सापडलं. 9 मार्च 2024 चं. तुमच्यापैकीच एकाच्या मशीनमधून निघालेलं, बसच्या तिकिटासारख्या गुळगुळीत कागदावरचं. दुकानाचं नाव उडालं होतं, तारीख तिरकी धरली तर दिसत होती, आणि मधल्या ओळीत मालाचं, म्हणजे कम्प्युटरच्या पडद्यावर गेमची चित्रं उभी करणाऱ्या भागाचं, वर्णन होतं: ‘ग्राफिक कार्ड, 1 नग’. पुढे रक्कम, 30,500. बस. कार्डाची वॉरंटी तीन वर्षांची आणि तिचा पुरावा नागपूरच्या दोन उन्हाळ्यांत कोरा. मी त्या दिवशी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला होता म्हणून वाचले.

मी मनीषनगरात राहते. मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे लोकांच्या कामातल्या चुका शोधायचाच पगार घेते. तेव्हा या पत्राचा सूर थोडा तसा लागला तर समजून घ्या. रात्री जेवण झालं की दीडदोन तास गेम खेळते. आईच्या भाषेत, “लग्नाच्या वयाची पोट्टी, अन् रात्री बंदूक घेऊन पळत सुटते.”

ते कार्ड, आरटीएक्स 4060, त्या दिवशी ऑनलाईन 29,000 ला मिळत होतं. तुमच्याकडे पंधराशे रुपये जास्त. मी मोबाईलवर पाहिलं होतं, तुम्हीही पाहिलं होतं, दोघांनाही ठाऊक होतं. तरी तुमच्याकडून घेतलं, कारण बाबा म्हणाले, “महाग पडलं तरी बर्डीतूनच घे. काही झालं तर जाऊन उभं राहता येतं.” ते पंधराशे रुपये मी त्या उभं राहण्याचे दिले होते. पत्र त्याबद्दलच आहे.

खरेदीचा दिवस आधी सांगते. सोबत धाकटा भाऊ होता, बारावीचा. त्याला कॅरमशिवाय कुठल्याच खेळात रस नाही. तो गाडी चालवायला आला होता. काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, त्याच्याकडे वळले आणि विचारलं, “भैया को कौनसा गेम खेलना है?” भावाने माझ्याकडे बोट दाखवलं. गृहस्थ हसले. मग मी विचारलं की माझा एसएमपीएस (कम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) 450 वॅटचा आहे, तेवढ्यावर हे कार्ड चालेल ना. त्यांनी उत्तर भावाला दिलं. कॅबिनेटमध्ये किती लांबीचं कार्ड बसेल हे विचारलं, तेही उत्तर भावाला. पैसे मी दिले, तेव्हा मात्र “थँक्यू मॅडम”. (आणि हिंदीचं काय आहे कुणास ठाऊक. मधेच त्यांना घरून फोन आला तर अस्सल आपल्या बोलीत विचारत होते, “डब्यात भाजी काय आहे वं आज?” काउंटरच्या दोन्ही बाजूंना मराठी माणूस, आणि व्यवहार मात्र हिंदीत. नागपुरात हे नवीन नाही, सोडून देऊ.)

खोका उघडून दाखवायला सांगितलं तर म्हणाले, “सील पॅक है, खोलने की क्या जरूरत?” मी गप्प बसले. ती माझी चूक.

मे महिन्याच्या शेवटी कार्ड गेलं. गेम सुरू केला की दहाबारा मिनिटांत पडदा काळा, पंखे एकदम जोरात, मग बंदच. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकले, मैत्रिणीच्या मशीनमध्ये कार्ड लावून पाहिलं, तिथेही तेच. तिचं कार्ड माझ्या मशीनमध्ये लावलं, ते तीन तास गुमान चाललं. एवढं सगळं कागदावर लिहून, कार्ड खोक्यात घालून तुमच्याकडे आले.

तुम्ही कागद वाचला नाही. “मॅडम, गरमी कितनी है! पेपर नही पढा? छप्पन डिग्री!”

पेपर मी वाचला होता. 30 मे 2024 ला आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने खरंच 56 अंशांची नोंद केली होती आणि देशभर बोंब झाली होती. मग हवामान खात्याने सांगितलं की यंत्राचा सेन्सर बिघडला होता, आकडा चुकीचा आहे. म्हणजे त्या आठवड्यात नागपुरात दोन यंत्रं बिघडली होती. एका यंत्राचा बिघाड खात्याने चारचौघांत कबूल केला. दुसरं तुमच्या काउंटरवर पडलं होतं.

आणि गरमीचंच म्हणाल तर कार्डाचं स्वतःचं तापमान दिसतं हो. बंद पडायच्या आधीच्या मिनिटाला ते 71 होतं, कंपनीने मर्यादा 90 ची दिलेली आहे. हेही त्या कागदावर लिहिलं होतं. मग गरमीवरून गाडी धुळीवर आली, धुळीवरून “ओव्हरक्लॉक किया होगा”वर (म्हणजे कार्ड ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलं असेल), तिथून “घर का वोल्टेज”वर. शेवटी एका चिठ्ठीवर सर्व्हिस सेंटरचा पत्ता लिहून दिलात. “आमचं काम विकायचं, पुढचं कंपनी पाहील,” हे वाक्य मात्र शुद्ध मराठीत आलं.

सर्व्हिस सेंटरवाल्या मुलाने बिल पाहिलं, कार्ड पाहिलं, पुन्हा बिल पाहिलं. “यात सीरियल नंबर कुठाय?” मी म्हटलं, खोक्यावर आहे. तो म्हणाला, “खोक्यावर आहे, कार्डावर आहे, बिलावर नाही. हे बिल याच कार्डाचं आहे हे मी कशावरून मानू? बिलावर तर कंपनीचं नावही नाही.” त्याचं बरोबर होतं. ‘ग्राफिक कार्ड, 1 नग’ हे पाच हजारांचं असू शकतं, दीड लाखाचंही. मी जणू किराणा दुकानातून ‘धान्य, 1 पोतं’ असं बिल घेऊन आले होते.

मग फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या फेरीत बिल बनवणारा मुलगा जेवायला गेला होता. दुसऱ्या फेरीत तो गावाला. तिसऱ्या फेरीत कळलं की तो नोकरी सोडून गेला आणि सॉफ्टवेअरचा पासवर्ड त्यालाच माहीत होता. चौथ्या फेरीत मालक होते, पण जीएसटीचं रिटर्न भरून झालंय, आता बिलाला हात लावता येत नाही म्हणाले. मी म्हटलं, बिल बदलू नका, लेटरहेडवर चार ओळी लिहा की अमुक बिलावर तमुक सीरियल नंबरचं कार्ड विकलं, सही-शिक्का करा. एवढी साधी गोष्ट पाचव्या फेरीत झाली. शिक्का मारताना मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सातबारावर नाव चढवून मागतेय.

कार्ड मुंबईला गेलं. 34 दिवसांनी बदलून आलं. खोका नाही, फक्त चंदेरी पिशवी. नवा सीरियल नंबर. तो जुन्या बिलाला जोडून द्या म्हणून पुन्हा तुमच्याकडे आले, तर तुम्ही म्हणालात, “अब क्या बार बार खराब होगा क्या?” खरंच झालं नाही, देवाची कृपा. पण ते वाक्य लक्षात राहिलं.

तुमच्या गल्ल्यामागे, हार घातलेल्या लक्ष्मीच्या तसबिरीखाली एक पाटी आहे: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. जवळपास प्रत्येक दुकानात आहे. 34 दिवस गेम बंद होता, म्हणून मी कायदा वाचला. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, 20 जुलै 2020 पासून लागू झालेला. त्याच्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते दिलंय. बिल न देणं ही त्यातलीच एक. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हीही त्यातलीच. माझं कार्ड अडीच महिन्यांनी गेलं, त्यामुळे ही 30 दिवसांची गोष्ट मला लागू नव्हती, तेवढं मलाही कळतं. पण ज्याचा मॉनिटर चौथ्या दिवशी जातो त्याला तुम्ही ती पाटी बोटाने दाखवता, तेव्हा कायद्यासमोर ती पाटी टिकत नाही हे तुम्हालाही माहीत असावं.

आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी, पिवळी, आणि मागे वर्षभराच्या त्रासाचे बडगे. यंदा कुणी त्या पाटीचा बडग्या काढला तर मी सुट्टी टाकून जाईन आणि घसा फुटेस्तोवर ओरडेन, घेऊन जा गे मारबत!

2021 मध्ये तर तुम्ही कहर केला होता. तेव्हा कार्डं मिळत नव्हती, क्रिप्टोचं मायनिंग करणारे, म्हणजे कार्डांवर आभासी चलन कमावणारे, ढिगाने उचलत होते, हे खरं. आरटीएक्स 3060 त्या फेब्रुवारीत आलं आणि जाहीर भावाच्या दुप्पटीला विकलं जात होतं. माझ्या मैत्रिणीला सांगण्यात आलं की कार्ड हवं तर सोबत मदरबोर्ड आणि एसएमपीएस घ्यावाच लागेल. तिच्याकडे दोन्ही होते. तो मदरबोर्ड अजून तिच्या दिवाणाखाली खोक्यात आहे. एक वस्तू देण्यासाठी दुसरी घ्यायची सक्ती करणं यालाही त्याच कायद्यात नाव आहे: प्रतिबंधित व्यापारी प्रथा, कलम 2(41).

माझं निदान कार्ड तरी खरं होतं. आमच्या सोसायटीतल्या एका पोराचं सांगते, कारण हे पत्र लिहायला बसले ती त्याच्यामुळे. पोरगा नववीत. वडील कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे हिशेब लिहितात. त्यांनी दिवाळीच्या बोनसमध्ये थोडे टाकून 22,000 रुपयांत त्याला ‘गेमिंग पीसी’ घेऊन दिला. काचेचं कॅबिनेट, चार रंगीत पंखे, 16 जीबी रॅम, आणि दुकानदाराने तीनतीनदा सांगितलेलं ‘आय-सेव्हन’. घरी आणून पोराने व्हॅलोरंट हा गेम टाकला, तर पडद्यावर व्हॅन 9001 असा एरर. दोन दिवस रडला. मग त्याची आई माझ्याकडे आली.

उघडून पाहिलं. आय-सेव्हन होता, खोटं नाही. आय-सेव्हन 2600. दुसऱ्या पिढीचा, 2011 सालचा. पोरगाही 2011 चा. प्रोसेसर आणि तो एका वयाचे. कार्ड जीटी 730, ते 2014 चं. विंडोज 11 अधिकृतपणे ज्या मशीनवर चालतं त्यांत इंटेलची आठव्या पिढीपासून पुढची प्रोसेसर येतात. दुकानदाराने तपासणी चुकवून, विनापरवान्याचं विंडोज 11 कोंबलं होतं. त्या विंडोजवर व्हॅलोरंटला टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी लागतात, आणि या बोर्डावर टीपीएम 2.0 कुठून येणार? विंडोज 10 टाकून देऊ म्हटलं तर त्याचा आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला काढून घेतलेला. शेवटी तेच टाकून दिलं. गेम चालला, कमीत कमी सेटिंगवर, अडखळत.

वडील शेजारी उभे होते. त्यांनी एकच विचारलं, “म्हणजे हा जुना आहे काय?” मला हो म्हणायला जड गेलं. त्यांना कुणी फसवलं असं म्हणावं तर दुकानदाराचा एकही शब्द खोटा नव्हता. आय-सेव्हन आहे, 16 जीबी आहे, विंडोज 11 आहे. फक्त पिढीचा आकडा तेवढा सांगितला नाही. संत्र्याच्या पेटीत वरच्या थराला रंगदार फळ लावायची कला कळमन्यात जन्म काढलेल्या माणसाला शिकवायची गरज नव्हती. ती कम्प्युटरमध्येही असते हे त्यांना माहीत नव्हतं, एवढंच.

जुना माल विकू नका असं मी म्हणत नाही. 22,000 रुपयांत नवा कुठून येणार? कोटेशनवर ‘आय-सेव्हन 2600, दुसरी पिढी, वापरलेला’ असं लिहा आणि मग विका. आरटीएक्स 3050 चंही तसंच. 8 जीबीचं वेगळं, 2024 मध्ये आलेलं 6 जीबीचं वेगळं. 6 जीबीवाल्यात नुसती मेमरी कमी नाही, आतले कोअरही, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भागही, कमी आहेत. तुमच्या काचेवर दोन्हींना ‘आरटीएक्स 3050’ एवढीच चिठ्ठी असते आणि भावातला फरक ‘कंपनीचा’ म्हणून सांगितला जातो.

आता तुमच्या बाजूचं. मी आंधळी नाही. पोट्टे तुमच्याकडे येतात, तासभर माहिती घेतात, चहा पितात, काउंटरवर उभ्या उभ्या ऑनलाईन ऑर्डर टाकतात आणि चार दिवसांनी तोच माल जोडून द्या म्हणून आणतात. दुसरीकडे घेतलेलं जळकं कार्ड तुमच्या गळ्यात मारू पाहणारेही असतात. एका कार्डामागे तुम्हाला किती सुटतात हे एका दुकानदाराने मला सांगितलं होतं. तेवढ्यात चार माणसांना सावजी जेवण घालता येणार नाही. आणि गेल्या दिवाळीपासून रॅमच्या भावाने तुमचीही झोप उडवली आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर 2025 मध्ये क्रुशल नावाने होणारी किरकोळ विक्रीच थांबवत असल्याचं जाहीर केलं. सकाळी दिलेला भाव संध्याकाळी परवडत नाही, मान्य. पण ज्याच्याकडून तुम्ही अॅडव्हान्स घेतलाय, त्याला चार दिवसांनी “रेट बढ गया” म्हणून आणखी तीन हजार मागायचे असतील, तर आधी त्याचा अॅडव्हान्स विनातक्रार परत द्यायची तयारी ठेवा. माझ्या सहकाऱ्याला पैशांऐवजी ‘एवढ्याचं दुसरं काही घेऊन जा’ असं सांगण्यात आलं. तो कीबोर्ड घेऊन आला. त्याला कीबोर्ड नको होता.

आणि ते ‘बिल पाहिजे तर 18 टक्के वेगळे’. 30,000 च्या कार्डावर 5,400. गिऱ्हाईक हिशेब करतं आणि म्हणतं, राहू द्या. त्या क्षणी त्याची वॉरंटी गेली हे तुम्हाला माहीत असतं, त्याला नसतं. यूपीआयवर जास्तीचे पैसे मागण्याबद्दल तर काय बोलू. 1 जानेवारी 2020 पासून त्यावर दुकानदाराला बँकेचं शुल्कच नाही.

तुमच्यातलाच एक दुकानदार आहे. नाव सांगत नाही, उगाच बाकीचे त्याच्यावर खार खातील. तळघरात, जेमतेम आठ बाय दहाचं दुकान, पंखा घरघरतो. मागच्या वर्षी मी तिथून मॉनिटर घेतला, 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा. काकांनी खोका माझ्यासमोर फोडला, मॉनिटर जोडला, पडदा आधी पूर्ण पांढरा केला, मग काळा, लाल, हिरवा, निळा. “बघ बेटा, कुठे ठिपका दिसतो का. घरी गेल्यावर दिसला तर तूही रडशील अन् मीही.” एक ठिपका दिसला. हिरव्यावर, उजव्या कोपऱ्यात, मोहरीएवढाही नाही. मी म्हटलं चालेल. काका म्हणाले, “नाही चालणार. तुला आज चालेल, आठ दिवसांनी तुला तोच दिसेल, बाकी काहीच दिसणार नाही.” दुसरा खोका फोडला. मग सेटिंगमध्ये जाऊन 60 चं 144 करून दिलं, कारण विंडोज आपणहून ते करेलच असं नाही, आणि वर्षानुवर्षं लोक 144 चे पैसे देऊन 60 वर खेळत बसतात. बिलावर मॉडेल, सीरियल नंबर, वॉरंटी कधी संपते ती तारीख, सगळं हाताने, बॉलपेनने. “प्रिंट उडून जाते,” म्हणाले. ऑनलाईनपेक्षा 900 रुपये जास्त घेतले. मी घासाघीस केली नाही.

या सगळ्याला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. माझ्या कार्डापायी तुमच्याकडे माझ्या पाच फेऱ्या झाल्या, त्यांत तुमचा वेळ किती गेला असेल? मी मोजत नाही, तुम्ही मोजा.

मी कुठेही तक्रार केली नाही. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर मोबाईलमध्ये साठवला होता. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही, वकील लागत नाही, हेही वाचून झालं होतं. पण कार्ड परत आलं, राग ओसरला, कामाला लागले. आपल्याकडे बहुतेकांचं असंच होतं आणि तुमचा सगळा भरवसा त्यावरच असतो. यावेळी राग ओसरायच्या आत लिहितेय, कारण तो नववीतला पोरगा रोज संध्याकाळी मला विचारतो, ताई, रॅम वाढवली तर चालेल का. वाढवून काही होणार नाही, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

त्याच्या वडिलांनी आता हळूहळू नवं मशीन जुळवायचं ठरवलंय, दर दोन महिन्यांनी एक वस्तू. येत्या शनिवारी आम्ही तिघं बर्डीत येतोय. पहिली वस्तू प्रोसेसर: रायझन 5 5600जी. जी असलेलाच हवा, कारण कार्डाला अजून वर्षभर पैसे नाहीत आणि नुसत्या 5600 मध्ये ग्राफिक्स नसतं. प्रश्न पोरगा विचारेल, पैसे वडील देतील. उत्तरं दोघांनाही द्या. खोका समोर उघडा. बिलावर पूर्ण नाव आणि सीरियल नंबर लिहा. बॉलपेन मी आणते.

आपली,
मनीषनगरची एक गिऱ्हाईक